नवतप्यातली बाळंतीण

वरच्या मजल्यावरच्या आमच्या दोन खोल्यांवर थेट स्लॅब आहे. वर्ध्याचं ऊन दिवसभर त्या स्लॅबवर पडलं की संध्याकाळी खोलीची भिंत हाताला चटका देते आणि नळाच्या पाण्यात चहापत्ती टाकावी असं वाटतं. हिवाळ्यात हीच स्लॅब उलटी फिरते. डिसेंबरातल्या पहाटे पलंगावरून पाय खाली ठेवला की फरशीचा गारठा थेट गुडघ्यापर्यंत चढतो. अशा या खोल्या आम्ही बाहेरगावच्या पाहुण्यांना भाड्यानं देतो.

पाहुणे म्हणजे हौसेनं फिरायला आलेले नव्हेत. आमच्या पिपरी मेघेतून मोठा दवाखाना ऑटोनं जवळ पडतो आणि तिथं कुणाचं ना कुणाचं माणूस भरती असतं. आर्वी, हिंगणघाट, पार यवतमाळ-चंद्रपूरकडून आलेले नातेवाईक आमच्याकडे आठवडा काढतात, कधी महिना. दिवसभर वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेला माणूस खोलीवर येतो तो फक्त अंग टाकायला. त्याला तेवढीही झोप लागू नये, हे मला सहन होत नाही. दवाखान्यात जे व्हायचं ते होतं, तिथं माझं काही चालत नाही. खोलीत मात्र माझं चालतं आणि ते मी चालवते. माझे यजमान म्हणतात, "तू खोल्या भाड्यानं देऊन राह्यली का हवामान खातं चालवून राह्यली?"  त्यांना मी स्लॅबवर चढायची शिडी धरायला लावते.

हिवाळा तसा सोपा. एकदा कोकणातलं एक जोडपं आलं होतं, मुलाच्या ऑपरेशनसाठी. सकाळी चहा द्यायला गेले तर दोघंही आणलेले सगळे कपडे एकावर एक घालून पलंगावर बसलेले. बिचाऱ्यांनी जन्मात एवढी थंडी पाहिली नव्हती आणि मागायचा संकोच. माझी मलाच लाज वाटली. कापसाच्या जिल्ह्यात राहायचं आणि पाहुण्याला बाजारातलं पातळ ब्लँकेट द्यायचं, हे काही बरं दिसत नाही. त्याच आठवड्यात कापूस पिंजून घेतला, जाड रजया भरून घेतल्या, फरशीवर सतरंज्या टाकल्या, दाराखालच्या फटीला जुन्या साडीची गुंडाळी करून लावली. बाईंनी जाताना रजई कुठं मिळते ते विचारून घेतलं.

उन्हाळ्याला मात्र कंबर कसावी लागते. होळी झाली की कूलर बाहेर निघतात. टाक्या घासायच्या, पंप चालवून बघायचा, जुनं गवत काढून नव्या जाळ्या भरायच्या. मग स्लॅबवर चुन्याचा हात. मे अखेरीचा नवतपा लागायच्या आत हे सगळं झालं पाहिजे, कारण ते नऊ दिवस एकदा सुरू झाले की स्लॅबवर चप्पल घालूनही उभं राहता येत नाही. एवढं करून पाहुण्याला एक गोष्ट समजावून सांगावी लागते, ती म्हणजे कूलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवायची. पुण्याकडच्या एका साहेबानं एसीच्या सवयीनं दारंखिडक्या गच्च लावल्या आणि दुपारभर कूलर चालवला. संध्याकाळी त्या खोलीत ढोकळा उकडला असता. साहेब घामानं निथळत खाली आले आणि म्हणाले, तुमचा कूलर बिघडलाय. मी वर जाऊन फक्त खिडकी उघडली.

एवढं सांगायचं कारण की मला या कामाचा गर्व होता. कुठल्याही ऋतूतला कुठलाही माणूस द्या, मी त्याला झोपवून दाखवते, अशी माझी ऐट होती. गेल्या मे महिन्यात ती ऐट उतरवायला एक मावशी आल्या.

आर्वीच्या पलीकडच्या गावातल्या त्या. नऊवारी लुगडं, ताठ कणा, बोलणं तोडून. सोबत त्यांची लेक, नुकती बाळंत झालेली, आणि लेकीच्या छातीशी पदराखाली एक गाठोडं. ते गाठोडं म्हणजे नात होती. दिवस भरायच्या आधीच आलेली, म्हणून जन्मल्यापासून दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. आता पेटीतून काढली होती, पण वजन अजून हवं तेवढं नव्हतं. दर दोन-तीन दिवसांनी वजनाला आणायचं, गावी जायचं नाही, आणि वजन उतरलं किंवा ताप आला तर पुन्हा पेटीत, असं डॉक्टरीणबाईंनी सांगून सोडलं होतं. जावई वावराच्या मशागतीत अडकलेला, म्हणून खोलीत राहणार या तिघीच.

लेकीनं पहिल्याच दिवशी मला जिन्यात गाठून सांगितलं, "काकू, त्या पेटीत हात घालाले भोकं होते फक्त. मी तिले बोटानंच हात लावत जाय. आता परत नाई द्यायची मले तिले."  मी तिला म्हटलं, माझ्या खोलीत आहेस तोवर काळजी करू नको. हे मी किती सहज म्हणून गेले होते.

कारण मी खोलीत पाय ठेवायच्या आत मावशींनी खिडकीतल्या कूलरची पिन काढून ठेवली होती.

"हे पहिले इथून हटवा बाई. बायतीनीच्या खोलीत वारं नाई चालत."

"मावशी, बाहेर ऊन पाहून राह्यल्या न तुमी?"

"उन्हानं कोनी बायतीन मरत नाई. वाऱ्यानं मरते." एवढं बोलून त्यांनी लेकीच्या कानाला बांधलेलं फडकं आणखी आवळलं. नातीच्या डोक्यावर टोपरं होतं, पायात मोजे, अंगात झबलं, त्यावर स्वेटर, त्यावर दुपटं. मे महिन्यात. मी तिचं नाक पाहू शकले, बस.

वाद घालायला त्यांच्याकडे आधार होता. दवाखान्यातून निघताना सिस्टरनं बजावलं होतं, लेकराला उबेत ठेवा. सिस्टर बोलली ते तिच्या जागी खरंच होतं. तो वॉर्ड एसीनं इतका गार की तिथं बसलेल्या आया शाली पांघरतात. पण मावशींनी ती ऊब गाठीला बांधून आमच्या स्लॅबखाली आणली होती.

मी म्हटलं, मग खाली आमच्याकडे राहा. खालच्या हॉलवर वरचा मजला असल्यानं तो तापत नाही, कूलरशिवायही दुपार निघते. त्यावर मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अभद्र बोलले. "तुमच्या घरी देव हाय. सव्वा महिना नाई झाला अजून पोरीले. तुमच्या देवासमोर बायतीन कशी आनू मी?" मी म्हटलं, माझा देव काही म्हणत नाही. त्या म्हणाल्या, "तो म्हनंन का तुमाले?" यजमान वर्तमानपत्राआड हसत होते. मला त्या हसण्याचाही राग आला.

मग मी माझ्या पद्धतीनं सुरुवात केली. स्लॅबवर आधीच लावलेल्या चुन्यावर दुसरा हात मारला. बारदानाची पोती आणून स्लॅबभर अंथरली आणि पाइप लावून सकाळ-संध्याकाळ ओली करायला लागले. आंघोळीच्या पाण्याच्या बादल्या पहाटेच भरून सावलीत ठेवल्या, म्हणजे संध्याकाळी तरी पाणी अंगाला लावण्यासारखं होईल. समोरची खोली मुद्दाम रिकामी ठेवली आणि कूलर दोन खोल्यांमधल्या बोळात आणून बसवला. सरळ वारं नको ना, मग नको. बोळ गार झाला की दारातून आपोआप गारवा आत झिरपेल. दाराला वाळ्याचा पडदा लावला, त्यावर पाणी शिंपडलं. वाळ्याचा वास सगळ्या जिन्यात पसरला. मी मनातल्या मनात माझीच पाठ थोपटली आणि खाली आले.

परत वर गेले तेव्हा दार बंद होतं, आतून कडी.

त्या दिवसापासून आमची लढाई लागली. मी पाण्याचा माठ भरायच्या निमित्तानं दार उघडून घ्यायचे आणि जाताना ते तसंच उघडं ठेवायचे. मी जिन्याच्या वळणावर पोचते न पोचते तो कडीचा आवाज. मी खिडकी उघडायचे, मावशी ती लावून फटीत चिंध्या कोंबायच्या. यजमान म्हणाले, "दोघी सारख्याच हट्टी, एक वर न एक खाली. मधात ते पोरगी शिजून राह्यली." गमतीत बोलले ते, पण लेक खरंच शिजत होती. तिच्या मानेवर, पाठीवर घामोळं उठलं होतं. आईसमोर ती ब्र काढत नव्हती. मी डोळ्यांनी खुणावलं की मान खाली घालायची.

एका दुपारी वर ओव्याचा धूर आला. मी धावत गेले. मावशींनी घमेल्यात कोळसे पेटवून ते लेकीच्या खाटेखाली सारलं होतं, वर ओवा आणि शेपा टाकला होता. दार बंद. खिडकी बंद. नवतपा लागलेला. आमच्याकडे बाळंतिणीला शेक देतात, मलाही दिला होता माझ्या आईनं, पण माझी बाळंतपणं पावसाळ्यातली होती. त्या खोलीत उभं राहताना माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी घमेलं फडक्यानं उचललं आणि सरळ खोल्यांपुढच्या गच्चीत नेऊन ठेवलं.

"शेक द्यायचा तर पहाटे द्या, गच्चीत द्या. बंद खोलीत कोळसा नाई पेटणार माझ्या घरात."

"कितीक बायतिनी काढल्या तुमी?" मावशी शांतपणे म्हणाल्या. "मी गावातल्या अर्ध्या बाया काढल्या. मले नका शिकवू."

 घमेलं मात्र मी परत खोलीत येऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या गच्चीत लेकीला घेऊन बसलेल्या दिसल्या, शेक देत. तेवढ्यावर मी एक डाव जिंकल्यासारखी खूश झाले. आता लाज वाटते म्हणत नाही, पण खूश झाले होते हे खरं.

वजनाच्या दिवशी मीही सोबत गेले. काट्यावर नातीला ठेवलं आणि सिस्टरच्या कपाळावर आठी आली. वजन वाढलं तर नव्हतंच, उतरलं होतं. सिस्टरनं झबल्यात हात घालून पाठ चाचपली आणि म्हणाली, "केवढी गरम आहे. किती कपडे घालता घरी?" लेक रडायला लागली. डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं, दूध किती वेळा पाजता ते विचारलं, आणि परवा पुन्हा आणा म्हणाल्या. परवाही वाढलं नाही तर ठेवून घ्यावं लागेल. पेटीचं नाव कुणी घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती.

मला वाटलं, आता तरी मावशी ऐकतील. खोलीवर आल्यावर त्यांनी नातीला आणखी एक दुपटं गुंडाळलं. दवाखान्यातल्या एसीनं लेकरू गारठलं आणि म्हणून वजन उतरलं, असा त्यांचा हिशेब होता.

माझा तोल गेला. जे बोलायला नको होतं ते मी लेकीसमोर बोलले. म्हटलं, "मावशी, तुमचा हट्ट लेकराच्या जिवावर येऊन राह्यला. ते पेटीत गेलं तर तुमच्यामुळं जाईल."

लेक दचकून माझ्याकडे पाहायला लागली.  मावशींनी नातीला तिच्या आईच्या मांडीवर दिलं, त्या उठल्या आणि बोळात येऊन बंद कूलरशेजारी भिंतीला टेकून बसल्या. मी निघून जाणार होते, पण त्यांनी हातानं बसा म्हणून खुणावलं. बसले.

"हिच्या आधी मले एक होता," त्या म्हणाल्या. "पोट्टा. पूस महिना होता. आमी तवा वावरात राहो, पिकाच्या जागलीले. कुडाची झोपडी. बायतीन मी तिथंच झाली. सांजीले दूध पेला त्यानं, चांगला पेला. सकायी हात लावला त थंड होता."

एवढंच. त्यांनी डोळे पुसले नाहीत. लुगड्याच्या काठाशी चाळा करत बसल्या. मग म्हणाल्या, "लोक म्हनत, लहान होता, जगला नसता. मले मालूम हाय. त्याले थंडी लागली."

मी त्यांच्या शेजारी बसून राहिले. इतके दिवस मी ज्या बाईशी भांडत होते ती बाई मला आडमुठी वाटत होती. ती एका थंडीशी भांडत होती आणि ती थंडी माझ्या खोलीत कुठंच नव्हती, पण तिला ती दारातून, खिडकीतून, कूलरमधून येताना दिसत होती. मला फार वाईट वाटलं. आणि तरीही, खरं सांगते, माझं मत बदललं नव्हतं. ते लेकरू भाजून निघत होतं. मावशींचं दुःख ऐकून तापमापीचा पारा खाली येणार नव्हता. मी त्यांना एवढंच म्हणाले, "मावशी, परत नाई बोलणार मी तसं. पण कपडे कमी करा."

"पाहू," त्या म्हणाल्या.

पाहायला वेळ मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी वावटळ उठली, कुठंतरी झाड तारेवर पडलं आणि आमच्या भागातली वीज गेली. इन्व्हर्टरवर पंखा फिरत होता, पण तापल्या स्लॅबखालचा पंखा नुसती गरम हवा खाली ढकलतो. मी हॉलमध्ये ओलं फडकं मानेवर घेऊन पडले होते. वरून लेकीची हाक आली. तशी हाक मी तिच्या तोंडून ऐकली नव्हती.

नातीचं तोंड लालबुंद झालं होतं. ती रडत नव्हती, हे सगळ्यात वाईट. लेक छातीशी लावत होती आणि ती ओढत नव्हती, ओठ नुसते सुटत होते. टाळू आत गेल्यासारखी दिसत होती. मी हात पुढे केला, पण मावशींनी मला बाजूला सारलं. वाटलं, झालं, आता पुन्हा दुपटं. मावशींनी नातीला खाटेवर ठेवलं आणि भराभरा दुपटं सोडलं. मग स्वेटर. मग मोजे. टोपऱ्याची गाठ सुटेना तर दातांनी तोडली. लेकरू नुसत्या झबल्यावर आलं तेव्हा पहिल्यांदा मला ते सगळं दिसलं. काडीसारखे पाय, गळ्याभोवती घामोळ्याचा लाल पट्टा.

"खाली घ्या तिले," मावशी मला म्हणाल्या. "देवाले मी सांगतो काय सांगायचं ते."

आम्ही खाली आलो. यजमान तोवर ऑटो बोलवायला गेले होते. हॉलमध्ये लेकीनं पुन्हा पाजायला घेतलं, माठाचं पाणी फार गार, म्हणून मी साध्या पाण्यात फडकं बुडवून पिळून मावशींच्या हातात दिलं. त्यांनी नातीचे हातपाय पुसले.  गावातल्या अर्ध्या बायांची बाळंतपणं केलेले हात ते. ऑटो येईपर्यंत नातीनं दोनदा दूध ओढलं, मग पुन्हा थांबली. 

दवाखान्यात संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. रक्त तपासलं, दूध मोजून पाजलं. डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाल्या, दुखणं काही नाही, उन्हाचा आणि कपड्यांचा ताप आहे, लेकराच्या अंगातलं पाणी कमी झालंय. सुती झबलं पुरे, खोली थंड ठेवा, दूध वारंवार पाजा. आज नेता येईल, वजनाला आता तीन दिवसांनी आणा. पण वजन वाढलं नाही तर पुढच्या वेळी मी ऐकणार नाही. मावशी सगळं ऐकत होत्या, पदर तोंडाला लावून. त्यांनी एकच विचारलं, "थंडी नाई लागनार न तिले?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सरळ अंगावर वारं सोडू नका, बस."

घरी आल्यावर मी खालचा हॉल रिकामा करून द्यायला लागले, तर मावशी नको म्हणाल्या. त्यांनी देवासमोर हात जोडले, दुपारी आल्याबद्दल काहीतरी पुटपुटल्या आणि लेकीला घेऊन वर गेल्या. मला वाटलं, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. त्या रागात मी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वर गेले नाही. फक्त पोती ओली करायला चढले, तेही त्यांच्या दाराकडे न पाहता.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला राहायला नको. वजन वाढलं. पुढच्या वेळीही वाढलं आणि त्यानंतरच्या वेळीही. नात पुन्हा पेटीत गेली नाही. पहिला पाऊस पडून रस्ते गार झाल्यावर त्या तिघी गावी गेल्या. पण मला सांगायची आहे ती त्याआधीची दुपार, मी रागावून वर गेले नव्हते तीच.

वीज आलेली होती. जेवण झाल्यावर मला वरून कूलरचा आवाज आला. बोळातला कूलर मी लावला नव्हता. वर गेले. खोलीचं दार सताड उघडं होतं, वाळ्याचा पडदा बाजूला सारलेला, समोरची खिडकी उघडी, फटींतल्या चिंध्या काढून कोपऱ्यात ठेवलेल्या. आत खाटेवर लेक झोपली होती, कानाचं फडकं सुटलेलं. तिच्या कुशीत नात नुसत्या झबल्यावर, हातपाय पसरून. इतक्या दिवसांत ते लेकरू मी कधी हातपाय पसरलेलं पाहिलं नव्हतं.

आणि दारात, बरोबर उंबऱ्यावर, मावशी बसल्या होत्या. कूलरकडे पाठ करून. सगळा झोत त्यांच्या पाठीवर येत होता. पाण्याच्या तुषारांनी लुगडं पाठीला चिकटलं होतं, अंगावरचे केस उभे राहिले होते. नवतप्यात, वर्ध्यात, भर दुपारी ती बाई थंडीनं कुडकुडत होती. त्यांच्या दोन्ही बाजूंनी वळसा घालून गारवा हळूहळू आत जात होता, आणि खाटेपर्यंत पोचेस्तोवर त्यात वारं उरत नव्हतं.

मी म्हटलं, "मावशी, सरका तिकडं. मी कूलर जरा तिरपा करतो, म्हणजे कोणाच्याच अंगावर नाई येणार. आजारी पडान तुमी."

"राहू द्या."

"अवो, पण काऊन असं बसायचं?"

त्या माझ्याकडे वळल्या नाहीत. डोळे खाटेवर होते. इतक्या हळू बोलल्या की कूलरच्या आवाजात मला वाकून ऐकावं लागलं.

"त्या वक्ती मी कुडाकडून निजली होती, उबाऱ्यात. लेकरू दाराच्या बाजूनं होतं. वारं त्याच्या अंगावरून मले येत होतं, बाई."

मी कूलरला हात लावला नाही. चप्पल काढली आणि उंबऱ्यावर त्यांच्या शेजारी जेवढी जागा होती तेवढ्यात बसले, कूलरकडे पाठ करून. थोड्या वेळात माझीही पाठ गारठली. नात उठेपर्यंत आम्ही दोघी तशाच बसलो होतो.